फोनच्या पलीकडे शिक्षक हवा

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा आणि मोबाइल हा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. अनेक पालकांना मोबाइल हा अभ्यासाचा शत्रू वाटतो, तर काही संस्थाचालकांना वर्गात पडदा आणि टॅब आले की शाळा सुधारली असे वाटते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामातून पुणे शहरातील आणि जिल्ह्यातील शाळांशी माझा जो संबंध आला, त्यानंतर यांपैकी कोणतेच मत मला पटत नाही. शाळेतील फोनचे मोल तो कोणाला कोणाशी बोलू देतो यावर ठरते, असे माझे मत झाले आहे.

या मताला आधार देणारा एक प्रयोग सांगते. करोनाच्या काळात शाळा बंद असताना आफ्रिकेतील बोट्सवाना या देशात साडेचार हजार कुटुंबे त्यात सहभागी झाली होती. प्राथमिक वर्गांतील मुलांच्या काही घरी दर आठवड्याला गणिताची उदाहरणे केवळ लघुसंदेशाने पाठवण्यात आली. काही घरी तोच संदेश गेला आणि शिवाय शिक्षकाने सुमारे वीस मिनिटांचा फोन केला. पालकाने स्पीकर चालू केला आणि तिघांनी मिळून उदाहरण सोडवले. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की नुसत्या संदेशाने दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. जेथे संदेशाबरोबर फोनही आला, तेथे मुलांचे गणित सुधारले. त्यासाठी इंटरनेटची गरज नव्हती, साधा बटणांचा फोनही पुरत होता. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या देशांतही अशी चाचणी झाली, आणि सरकारी शाळांमधील शिक्षकही हे काम उत्तम करू शकतात हे त्यातून दिसले.

असे का व्हावे, हे कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला चटकन उमगेल. बेचाळीसमधून सतरा वजा करताना मूल पस्तीस उत्तर लिहिते, तेव्हा ते हातचा विसरले आहे की लहान अंक मोठ्यातून वजा करायचा एवढाच नियम त्याने धरला आहे, हे वहीवरच्या उत्तरातून कळत नाही. त्याला मोठ्याने बोलत उदाहरण सोडवायला लावले की कळते. चाळीस मुलांच्या वर्गात असे बोलणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. फोन ते घडवून आणू शकतो, आणि जेव्हा आई शेजारी बसून ऐकते, तेव्हा शिक्षक नेमके काय शिकवतात हे तिलाही समजते.

वाचनासाठी तर याहून सोपी सोय आहे. बालभारतीच्या पुस्तकातील एक उतारा मुलाने घरी मोठ्याने वाचावा, पालकांनी तो ध्वनिमुद्रित करून पाठवावा आणि शिक्षकांनी रोज चार-पाच मुलांचे वाचन ऐकून प्रत्येकाला आपल्या आवाजात दोन वाक्ये परत पाठवावीत. वर्गात सर्वांसमोर वाचताना अडखळणारे मूल घरी तोच उतारा मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचते. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

मात्र फोन घरात असणे आणि मुलाच्या हाती येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांनी घरात स्मार्टफोन असल्याचे सांगितले, पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा वापर केल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी केल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी सांगितले. पुण्यातील बांधकामांवर राबणाऱ्या अनेक कुटुंबांत एकच फोन असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. अशा मुलाला दुपारी गृहपाठाचा व्हिडिओ पाठवून उपयोग काय? वेल्हे-भोरच्या डोंगराळ भागात रेंजची अडचण वेगळीच. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ यांची चांगली बाजू अशी, की त्यावरील साहित्य आधीच उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वर्गात दाखवता येते. पुस्तकात क्यूआर कोड आणण्याची ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात राबवली होती आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणताच.

वर्गात मोबाइलचा कॅमेरा हे निरीक्षणाचे उत्तम साधन ठरू शकते. शाळेजवळच्या एखाद्या बहाव्याचे छायाचित्र दर सोमवारी त्याच जागेवरून घेतले, तर पाने गळणे, पिवळे घोस लोंबू लागणे आणि लांब शेंगा धरणे हा सगळा क्रम मुलांना स्वतः टिपलेल्या चित्रांत पाहता येतो.

आता शिक्षकांच्या आपसातील संपर्काविषयी बोलते, कारण हा भाग मला अधिक चिंतेचा वाटतो. शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट आज प्रामुख्याने माहिती मागवण्यासाठी वापरले जातात. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, गटावर तालुक्याचा संदेश येतो, तो शाळेच्या गटावर जातो, ‘आज दुपारपर्यंत लिंक भरा’ असे बजावले जाते, आणि शिक्षक शिकवणे थांबवून पटसंख्या पुन्हा एकदा भरत बसतात. ती पटसंख्या यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर आधीच नोंदवलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. फोनवरून रोज तुकड्या-तुकड्याने येणारे काम मात्र कोणाच्या हिशेबातच धरले जात नाही. माझी मागणी साधी आहे. सूचनांचा गट वेगळा असावा, त्यावर केवळ मुख्याध्यापकांनाच लिहिता यावे, शाळेच्या वेळेत त्याचे उत्तर मागू नये आणि खरोखर तातडीचे काही असेल तर सरळ फोन करावा.

सूचना अशा बाजूला काढल्या की उरलेल्या गटावर शिकवण्याविषयी बोलायला जागा होते. द्विशिक्षकी शाळेत काम करणाऱ्या शिक्षिकेला आपली अडचण सांगायला एकच सहकारी असतो, आणि केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते. तिने नाव झाकून एखाद्या वहीच्या पानाचे छायाचित्र गटावर टाकले आणि ‘हे मूल असे का लिहीत असेल?’ असे विचारले, तर केंद्रातील दहा अनुभवी शिक्षक संध्याकाळपर्यंत तिच्या मदतीला येऊ शकतात.

नाव झाकून असे मी मुद्दाम म्हटले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. मुलांची गुणपत्रके पालकांच्या गटावर टाकणे किंवा त्यांची छायाचित्रे स्वतःच्या स्टेटसवर ठेवणे ही सवय शाळांनी आजच सोडायला हवी, कारण त्यात मुलांना लाज वाटण्याचे आणि क्वचित धोक्याचेही कारण असते.

एक व्यावहारिक अडचण उरते. अनेक शिक्षिकांना स्वतःचा क्रमांक साऱ्या पालकांना देणे नकोसे वाटते, आणि ते रास्तच आहे. यासाठी शाळेच्या नावावर स्वतंत्र फोन आणि सिमकार्ड असावे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपण असे सदस्य असाल, तर येत्या बैठकीत हा विषय आवर्जून मांडा: शाळेचा फोन कोणत्या निधीतून घ्यायचा, संध्याकाळच्या कोणत्या तासाला पालकांना सवड असते, आणि त्या तासाच्या बदल्यात शिक्षकांचे कोणते काम कमी करायचे.