खानापूरचं रबर, अथणीचं रबर

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदारानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही काडेपेटी पुढच्या रांगेतून मागे सरकवत न्या. उघडून बघा, पण आत बोट घालू नका. आतल्या काळ्या दोऱ्याचा डाग बोटाला लागला की साबणानंही लवकर निघत नाही.

तो दोरा म्हणजे एका लॅपटॉपच्या स्क्रीनभोवतीचं रबर आहे. जांबोटीकडच्या एका शाळेतल्या बाई मागच्या पावसाळ्यात माझ्या दुकानात आल्या, एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात ही काडेपेटी. म्हणाल्या, “दादा, मी नुसतं फडक्यानं पुसलो. काळं लागलं म्हणून जरा ओढलो, तर सगळंच निघून आलं की वो.”

मी विचारलं, “अक्का, मशीन चालतंय न्हवं?”

“चालतंय की. खरं झाकण लावलं की टक्कन वाजतंय.”

आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, ते हे ‘टक्कन’. लॅपटॉप नवा असताना झाकण मिटलं तर दबका आवाज येतो, कपाटाच्या दाराला बनातीचा तुकडा लावल्यावर येतो तसा. रबर गेलं की काच थेट धातूवर नाहीतर प्लॅस्टिकवर आपटते. दिवसातून दहा वेळा झाकण उघडमिट केलं तर वर्षाला साडेतीन हजारांच्या वर ठोके होतात.

बऱ्याच जणांची समजूत असते की हे रबर पाणी अडवण्यासाठी असतं, कुकरच्या रिंगसारखं. तसं नाही. मोजकी मजबूत बनावटीची यंत्रं सोडली तर घरातल्या लॅपटॉपमधलं स्क्रीनचं रबर पाण्यासाठी नसतंच. त्याचं काम अंतर राखण्याचं. काच आणि कीबोर्डची बटणं यांच्यामध्ये केसभर मोकळी जागा राहिली पाहिजे, ती हे रबर राखतं. काही मॉडेलमध्ये ते काचेच्या कडेनं अखंड पट्टीसारखं फिरतं, तर काहींत बेझलवर, म्हणजे स्क्रीनच्या चौकटीवर, चार-सहा बारीक बटणं असतात. जुन्या लॅपटॉपमध्ये त्या बटणांखाली बेझलचे स्क्रू लपवलेले असतात, म्हणून आम्ही दुकानात त्यांना सरळ ‘स्क्रू कव्हर’च म्हणतो. झाकण मिटलेल्या लॅपटॉपवर दप्तरात पुस्तकांचं ओझं पडतं तेव्हा तो दाब हे रबर कडेला घेतं. ते नसेल तर दाब पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्याच, मध्यावर येतो. स्क्रीनवर कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी ठसे उमटलेले तुम्ही बघितले असतील. पुसले की जातात, पुन्हा येतात. ते ठसे दिसले की कडेचं रबर दबून गेलंय असं समजा.

आता हे रबर असं का होतं? इथं मला आपल्या जिल्ह्याबद्दल बोलायचंय, कारण एवढ्या वर्षांत दुकानाच्या टेबलावर मी जे पाहिलं त्याचा अर्थ लागायला मला बराच वेळ लागला. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूनं येणाऱ्या लॅपटॉपचं रबर चिकट होऊन येतं, काकवीसारखं. अथणी, सौंदत्तीकडून येणाऱ्यांचं रबर कडक होऊन येतं, नखानं टोकरलं तर तुकडे पडतात. मशीन त्याच बनावटीचं, वयही तितकंच. आधी मला वाटायचं, लोकांच्या वापरण्यात फरक असेल.

फरक हवेत आहे. खानापूरकडची हवा दमट, अथणीकडची कोरडी. ज्याला आपण सरसकट रबर म्हणतो ते लॅपटॉपमध्ये बहुधा झाडाचं रबर नसतंच. पुष्कळदा ते पॉलीयुरेथेन किंवा त्याच्या जातीचं मऊ प्लॅस्टिक असतं. त्यातला पॉलिएस्टर प्रकारचा माल दमट हवेतलं पाणी शोषतो आणि त्या पाण्यानं त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटत जातात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तुटफूट आणखी वाढवतं. म्हणून चिकटपणा एकदा सुरू झाला की थांबत नाही. पंख्याखाली ठेवून वाळवलं तरी तुटलेली साखळी परत जुळत नाही. पॉलीइथर प्रकारचा माल ओलीला जास्त तग धरतो, पण मशीन विकत घेताना डब्यावर हे कोण लिहितो?

तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी हे आधी पाहिलेलं आहे. माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढा आणि मागचं झाकण उघडा. आतला बेल्ट पुष्कळदा बेल्ट राहिलेला नसतो, पुलीभोवती डांबर सांडल्यासारखा थर झालेला असतो. लॅपटॉपच्या कडेला तेच चाललेलं असतं, फक्त सावकाश.

आता दुसरी बाजू, अथणीकडच्या कडक रबराची. शेताच्या उताऱ्यांना लावलेलं रबर बँड आठवा. ट्रंकेत दहा वर्षं पडलं की कागदाला चिकटून कडक होतं, काढायला गेलं तर खापरीसारखं तुटतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन साखळ्यांमध्ये नको तिथं गाठी मारतात, काही तोडतात, आणि मऊपणासाठी घातलेला तेलकट अंश वर्षानुवर्षं उडून जातो. गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून साखळ्या एकमेकींना बांधल्या, म्हणून रबर उन्हाळ्यात वितळेनासं आणि थंडीत तडकेनासं झालं. पण बांधण्यालाही मर्यादा असते. गाठी वाढत गेल्या की ताणलं जायची ताकद संपते. त्यातही ताणलेल्या रबराला ओझोनच्या भेगा आधी पडतात. म्हणूनच स्क्रीनच्या पट्टीत सरळ बाजू शाबूत असताना चारही कोपरे फुटलेले असतात. कोपऱ्यात पट्टी वळवताना ती ताणली गेलेली असते.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच दिसते. वरच्या कडेच्या मधोमध, जिथं अंगठा लावून झाकण उघडतो, तिथलं रबर सगळ्यात आधी जातं. हाताचा घाम आणि डोक्याचं तेल. आपल्याकडे सकाळी केसांना खोबरेल लावून तसेच कामाला बसणारे पुष्कळ आहेत. खोबरेल थांबवा असं मी म्हणत नाही, हात पुसून घ्या.

म्हणून आधी ओळखा, मग हात घाला. रबराला नखाची कड हलकी टेकवा आणि उचला. खूण राहिली आणि तार निघाली तर खानापूरचं. खूण उमटलीच नाही, उलट कपची उडाली तर अथणीचं. खूण उमटून हळूहळू भरून आली तर ते रबर अजून जिवंत आहे. त्याला नुसत्या ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि सोडून द्या.

चिकट रबर वाचत नाही. ते काढावं लागतं, आणि नुकसान होतं ते काढतानाच. बाईंनी ओढलं तेव्हा पट्टी आली, पण खाचेत काळा लगदा राहिला. तो काढायला लोक पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, घरात असेल ते वापरतात. असिटोन आणि थिनरनं बेझलचं प्लॅस्टिक पांढरं पडतं, कधी आठवड्यानं त्याला बारीक तडे जातात. रॉकेलनं लगदा पातळ होऊन आणखी आत जातो. टाल्कम पावडर लावली की दोन दिवस हाताला चिकटत नाही, एवढाच तिचा फायदा. पुढे ती पावडर लगद्यात मिसळून बिजागरीत आणि कीबोर्डमध्ये उतरते.

वापरायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. हाताचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आणि हे अल्कोहोल स्क्रीनवर कधीही थेट ओतायचं नाही, फवारायचंही नाही. हे मी शिकलो ते एका गिऱ्हाइकाचं पॅनेल घालवून. सुरुवातीच्या दिवसांत एकानं चिकट बेझल साफ करायला आणला होता. लॅपटॉप उभा उघडा ठेवला आणि कापसानं वरची कड पुसायला लागलो. एक थेंब काचेवरून ओघळत खाली गेला आणि खालच्या कडेनं आत शिरला. बऱ्याच पॅनेलची सर्किटपट्टी त्याच कडेला असते. मशीन चालू केलं तर स्क्रीनभर उभ्या रेघा. नवीन पॅनेल मी माझ्या पैशानं बसवून दिलं. त्या माणसाच्या मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, ते मात्र मला भरून देता आलं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर. मग लॅपटॉप असा उलटा धरायचा की जी कड साफ करतोय ती सगळ्यात खाली येईल आणि ओघळ बाहेरच्या बाजूला जाईल. लगदा आधी कोरडाच काढायचा, आइस्क्रीमच्या लाकडी काडीला तिरपा छेद देऊन तिच्या धारेनं. ब्लेड नको. थंड लगदा काडीवर गोळा होतो, गरम झाला की पसरतो, म्हणून हे काम सकाळी करा. उरलेल्या डागासाठी कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवायची, कागदावर टिपून घ्यायची, ओलसर वाटेल पण थेंब पडणार नाही इतकी, आणि स्क्रीनपासून दूर जाईल असा हात फिरवायचा. काडी काळी झाली की टाकून नवी घ्यायची. बाईंच्या मशीनला ४० काड्या लागल्या, दुपार गेली. प्लॅस्टिकचा रंग उतरतो का हे आधी बिजागरीजवळच्या दडलेल्या कोपऱ्यात बघून घ्या.

कडक रबराचं काम त्या मानानं सोपं आहे. ते तुकड्यांनी निघतं, आत चिकटलेलं काही राहत नाही. फक्त पडलेला प्रत्येक तुकडा उचला. कीबोर्डवर राहिलेला एक कण झाकण मिटताना काचेला भोक पाडल्यासारखा तडा देतो.

मग नवीन काय लावायचं? मॉडेल नंबर घालून मूळ पट्टी मिळाली तर उत्तमच. बेळगावात मिळाली नाही तरी हुबळी, कोल्हापूर, पुण्याहून मागवता येते. न मिळाल्यास चिकटपट्टीची सिलिकॉन बटणं घ्यावी लागतात आणि इथं सगळे फसतात. कपाटाच्या दाराला लावायची पारदर्शक गोल बटणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ती मी मोजली तेव्हा बहुतेक दीड-दोन मिलिमीटरच्या वर भरली, आणि लॅपटॉपमधली मोकळी जागा पुष्कळदा एक मिलिमीटरही नसते. जाड बटण लावलं की झाकण पुरतं मिटत नाही, आपण दाबतो, आणि बिजागरीच्या बाजूनं पॅनेल वाकतं. दुसरा धोका दिसत नाही. झाकण मिटलंय हे मशीनला लोहचुंबकावरून कळतं. झाकण वर राहिलं तर मशीन झोपतच नाही, दप्तरात चालू राहून तापतं.

म्हणून जाडी मोजा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांकडे व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, असतो, शेजाऱ्याला विचारा. जुनं रबर मोजताना चिकट, दबलेला भाग सोडा आणि अंगठा न लागलेल्या खालच्या कोपऱ्यात मोजा. तेवढीच जाडी लावा. पट्टी बसवत असाल तर ओढून ताणू नका. ताणून बसवलेली पट्टी महिनाभरात आपल्या मूळ लांबीवर येते आणि सांध्यात फट पडते. सांधा खाली बिजागरीच्या बाजूला ठेवा, पट्टी एखादा मिलिमीटर जास्त कापा आणि टोकं एकमेकांवर दाबून बसवा. झटक्यात चिकटणारा गम वापरू नका, त्याच्या वाफेनं काचेवर पांढरा थर येतो. मोबाईलवाले बी-७००० वापरतात, तो चालतो, तो वाळल्यावरही लवचीक राहतो. पण रात्रभर झाकण मिटू नका.

शेवटी कागदाची चाचणी. झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. त्याची बोटभर पट्टी कडेच्या रबरावर ठेवा, झाकण हलकं मिटा, ओढा. अडखळत यायला हवी. मग तीच पट्टी कीबोर्डच्या बटणांवर मधोमध ठेवा. तिथं ती सहज निघायला हवी. मधोमध अडकली तर बटणं काचेला टेकतायत, रबर कमी पडतंय.

मला लोक विचारतात, दहा-बारा वर्षांच्या मशीनसाठी एवढं कशाला? बेळगावातल्या शहापूरच्या एका छापखान्यात एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर जुनं श्रीलिपी, म्हणजे देशी भाषांतली अक्षरं जुळवायचं सॉफ्टवेअर, आहे, आणि मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांतल्या लग्नपत्रिकांच्या शेकडो फाइल्स आहेत. त्यातली अक्षरं नव्या मशीनवर उघडली की भलतीच दिसतात. मालकांच्या वडिलांनी जुळवलेल्या पत्रिकाही त्यातच. त्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली असती तर त्या जुन्या पॅनेलसाठी किती दिवस फिरावं लागलं असतं, हे मला धंद्यातून माहीत आहे. कडेला सहा बटणं लावून दिली. शंभर रुपयांच्या आतलं सामान.

पावसाळ्यापुरतं सांगतो. मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून सुती पिशवीत ठेवा. रोज अर्धा तास चालवा, ऊब आतली ओल काढते. कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी नको. आणि झाकण मिटून महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर मध्ये पातळ सुती कापड घाला, म्हणजे चिकट होऊ लागलेलं रबर समोरच्या बाजूला डकणार नाही.

मागून एक चिठ्ठी आली आहे: काढलेलं जुनं रबर टाकून द्यायचं का? नवीन नीट बसेपर्यंत नाही. तुमच्या मशीनचं माप फक्त त्यातच आहे. बाईंनी काडेपेटीत आणलं म्हणून मला पट्टीची रुंदी मिळाली, नाहीतर तीन वेळा पट्टी मागवून परत करावी लागली असती. कडक तुकडे कागदी पाकिटात ठेवा. चिकट असेल तर त्याच्याखाली बटर पेपर घाला, तो कागद त्यातून सुटून येतो. आता ती काडेपेटी पुढे येऊ द्या. बाईंच्या मशीनचा खालचा कोपरा अजून मोजायचा राहिलाय.