भंगार गेमची आखाजी

(अंधार. कूलरची घरघर. हळूहळू टीव्हीचा निळसर उजेड, त्यात दाटीवाटीने बसलेली पोरं.)

सावदा, जिल्हा जळगाव. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची रात्र.

सकाळी घागर भरली, दुपारी सांजोऱ्या आणि आमरस झाला. आता माहेरी आलेल्या बहिणी अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणतायत. ओट्यावर पत्ते रंगलेत. आखाजीला पत्ते खेळणाऱ्याला खान्देशात कुणी टोकत नाही. आणि मधल्या घरात, कूलरची हवा जिथवर पोचते तिथवर, आम्ही चौदा जण एका टीव्हीला खेटून बसलोय.

पडद्यावर लांब नाकाचा एक अमेरिकन ट्रक उभा आहे. शेजारी दुसरा. शर्यत सुरू झाली. आमचा ट्रक निघाला. दुसरा जागचा हललाच नाही.

तो हलणारही नाही. दर वर्षी आम्ही त्याची वाट बघतो.

या रात्रीला आमच्या घरात ‘भंगार गेमची रात’ म्हणतात. वर्षभरात ज्याला जो सगळ्यात फसलेला गेम सापडेल, तो त्याने आखाजीला आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खेळायचा. मात्र सुरुवात ठरलेली असते: ‘बिग रिग्ज: ओव्हर द रोड रेसिंग’. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने काढलेला, ट्रकच्या शर्यतीचा गेम. गेमची समीक्षा करणाऱ्या गेमस्पॉट या वेबसाइटने त्याला १० पैकी १ गुण दिला. सगळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी १०० पैकी ८ आहे. खोक्यावर लिहिलं होतं की पोलिसांना चुकवत माल पोचवायचा. गेममध्ये पोलीस नाहीत. माल पण नाही. निवडायला पाच रस्ते दिलेत, त्यातला एक निवडला की गेमच बंद पडतो.

(जवळून: कीबोर्डवर एक जाड, काळवंडलेलं बोट. नखाच्या कडेला ग्रीसची जुनी रेघ.)

हे माझे मामा. त्यांनी बावीस वर्षं केळीची गाडी चालवली. सावद्याहून माल भरायचा, चोपडा-शिरपूर करत आग्रा रोडला लागायचं, पळासनेर सोडलं की बिजासन घाट, आणि मग थेट दिल्लीची आझादपूर मंडी. केळी थांबत नाही, पिकत जाते. म्हणून ड्रायव्हरलाही थांबता येत नाही. बिजासनला ब्रेक तापून गेलेल्या गाड्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यात. त्या घाटाचं नाव निघालं की आजही ते क्षणभर गप्प होतात.

पहिल्या वेळी त्यांच्या हातात हा गेम दिला, तेव्हा ते खऱ्या गाडीत बसतात तसे ताठ बसले होते. ट्रक पुलावर चढवला. ट्रक पुलातून आरपार खाली गेला आणि नदीच्या तळातून तसाच पुढे निघाला. समोर घर आलं. मामांनी ब्रेकसाठी पाय दाबला, खाली रिकाम्या फरशीवर. ट्रक घरातून पार झाला. मग डोंगर आला, भिंतीसारखा उभा, आणि ट्रक त्याच वेगात सरळ वर चढला.

मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्या गाडीले वजनच नाही भो. रिकामी गाडीबी अशी चढत नाही.”

या गेमवर मी पुष्कळ वाचलंय, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नाही. खरंच त्या गाडीला वजन नाही. गेममध्ये घर दिसतं ते निव्वळ चित्र असतं. गाडी त्याला धडकली की नाही, याचा हिशोब कॉम्प्युटरला वेगळा करावा लागतो, आणि तो क्षणाक्षणाला करावा लागतो. इथे तो हिशोबच कुणी लिहिला नाही. म्हणून भिंत आहे पण अडवत नाही, घाट आहे पण चढ नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दहा-बारा टन केळीचं वजन पायाखालच्या ब्रेकवर तोललं, त्याला ते पाच मिनिटांत कळलं.

शर्यत संपली की पडद्यावर तीन कानांचा एक कप येतो आणि खाली इंग्रजीत अक्षरं: ‘यू आर विनर’. मधला ‘ए’ राहून गेलाय. पोरं एका सुरात ओरडतात. पहिल्या वर्षी या गलक्याने आजी आत आली, चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, “मंग हारलं कोन?”

पोरांनी तो जागच्या जागी उभा ट्रक दाखवला. आजी म्हणाली, “त्याले तं कोनी चालूच नाही केलं.”

पुढे कंपनीने एक दुरुस्ती काढली. तीत तो दुसरा ट्रक चालतो, पण रेषेच्या अलीकडे येऊन थांबतो. आम्ही ती दुरुस्ती घातली नाही. आजीचा प्रश्न जुन्या प्रतीतच शोभतो.

(दृश्य: पिवळ्या प्लॅस्टिकची कॅसेट. वरच्या स्टिकरचा कोपरा उचकटलेला.)

ही आवड आम्हाला लागली ती या कॅसेटमुळे. नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्ही गेम आला. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, त्याचीच ही स्वस्त नक्कल. खान्देशातल्या किती घरांत टीव्हीखाली तसलं यंत्र होतं, ते आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा. गेम चालू होईना की कॅसेट उपसायची, तिच्या पितळी दातांवर फुंकर मारायची, पुन्हा खोचायची.

कॅसेटवर छापलं होतं ९९९९ गेम. मी आणि माझ्या आत्येभावाने मे महिन्याच्या सुट्टीत ते सगळे तपासायचे ठरवले. गणिताच्या जुन्या वहीत मागून सुरुवात केली, दोन रकाने पाडले: नंबर आणि ‘कोणता निघाला’. आठव्या नंबरपासून पहिलाच गेम पुन्हा यायला लागला, फक्त नाव वेगळं. काँट्रा हा बंदूकवाल्याचा गेम कधी धबधब्यापासून सुरू व्हायचा, कधी बर्फापासून. टँकवाला गेम सहा नावांनी आला. आम्ही ३१२ पर्यंत पोचलो. खरे निघाले सात. ती वही अजून आहे, आत्येभावाने पानांना प्लॅस्टिक लावून घेतलंय.

दुसऱ्या एका कॅसेटमध्ये मारिओ होता, पण धावायचा मात्र सोनिकच्या दुनियेत, सोनिकसारखाच गोळा होऊन. फार वर्षांनी कळलं की तो ‘सोमारी’, १९९४ चा चोरीचा गेम, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नायकांना जोडून केलेला. जगभरचे लोक आज तो मुद्दाम शोधतात. आम्ही तेव्हा समजायचो, मारिओचा हा खरा तिसरा भाग.

आम्हाला चांगला गेम आधी भेटलाच नाही. जो भेटला त्याच्यातच आम्ही रमलो, त्याच्या चुका पाठ केल्या. कोणत्या खांबापाशी बंदूकवाला अडकतो, कुठे उडी मारली की चित्र फाटतं, हे आम्ही एकमेकांना गुपितासारखं सांगायचो. सावद्यातल्या पोरांकडे ती एक वेगळी श्रीमंती होती, असं मी मानतो.

(दृश्य: रिकामं जत्रेचं मैदान, बांबूंचा मंच.)

लहानपणी गावच्या जत्रेत वग बघितला होता. राजा दरबारात आला, प्रधानावर कडाडला आणि त्याची मिशी अर्धी सुटली. तो थांबला नाही. डाव्या हाताच्या बोटाने मिशी ओठावर दाबून धरली, उजव्या हाताने तलवार उपसली आणि फाशीचा हुकूम शेवटच्या शब्दापर्यंत तसाच बोलला. मैदान हसून लोळलं आणि मग टाळ्या थांबेनात. सोंगाड्या त्या रात्री दहा वेळा मुद्दाम पडला असेल. तो कुणाच्या लक्षात नाही. राजाची मिशी अजून पारावर निघते.

माझ्या भाचीला ‘गोट सिम्युलेटर’ फार आवडतो. २०१४ चा स्वीडनचा गेम. शेळी मान ताणून भिंतीत घुसते, हवेत उडते; बनवणाऱ्यांनी या चुका जाणूनबुजून ठेवल्या, गेम बंद पाडणाऱ्या तेवढ्या काढल्या. छान आहे, मीही हसतो. पण तो सोंगाड्या आहे. मी राजाच्या मिशीसाठी बसतो.

हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ साली प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ काढला. या यंत्रासाठी भारतातच घडलेला तो पहिला गेम. समीक्षकांनी त्याला पार झोडपलं, आणि हालचाली खरोखर अवघडलेल्या आहेत. तरी मी तो बघतो तेव्हा माझा ऊर भरून येतो. ज्या कामाचा आपल्याकडे कुणाला अनुभव नव्हता, त्यात कुणीतरी पहिली गदा उचलली होती.

आणि अटारी या अमेरिकन कंपनीचा, सिनेमावरून केलेला गेम ‘ई. टी.’. १९८२ च्या नाताळाआधी तो दुकानात हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. याच माणसाचा आधीचा ‘यार्स रिव्हेंज’ गाजला होता. ‘ई. टी.’मध्ये मात्र खेळणारा सारखा खड्ड्यात पडतो. १९८३ मध्ये न विकलेल्या मालासोबत त्याच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून वर काढल्या. मी ही गोष्ट मामांना सांगितली. ते म्हणाले, “पाच आठवड्यांत तं केळीचा घडबी भरत नाही.”

‘बिग रिग्ज’ मनापासून केलेला म्हणायचा की नाही, यावर आमच्यात दर आखाजीला वाद होतो. आत्येभावाच्या मते ते अर्धवट सोडलेलं काम आहे, फसवणूक आहे, आणि पैसे मोजून घेणाऱ्याच्या बाजूने त्याचं खरं आहे. मला मात्र तो तीन कानांचा कप दिसतो. कुणीतरी बसून तो काढला, त्याला चमक दिली.

(रात्र उतरत चाललेली. झोका थांबलाय. बरीचशी पोरं जागेवरच झोपलीत.)

या गेमची शेवटची गंमत मामांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. पुढे जाताना ट्रकच्या वेगाला मर्यादा आहे. रिव्हर्सला नाही. मागे जायचं बटण दाबून धरलं की वेग वाढतच जातो: शंभर, हजार, लाख, आणि पुढे आकडे वाचताही येत नाहीत. ज्यांनी चिकाटीने दाबून धरलं, त्यांनी एकावर ३७ शून्यांच्या घरातला वेग बघितलाय. बोट उचललं की ट्रक जागीच थांबतो.

मामा बोट उचलत नाहीत. रस्ता कधीच मागे पडलाय, डोंगर संपलेत, पडद्यावर नुसता राखाडी रंग आणि मधोमध ट्रक. मी त्यांना चहा आणून देतो. ते डाव्या हाताने कप घेतात, उजवं बोट तिथेच.

(पडदा एकदम काळा. कूलर थांबतो.)

लाइट गेली.

अंधारात कुणीच बोलत नाही. मग मामांचा आवाज येतो.

“पोचली असंन आतापर्यंत दिल्लीले.”