दिवा लागतो, पण मशीन दिसत नाही

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘संगणकाला जोडलेलं यूएसबी उपकरण दिसत नसेल तर काय करावं’ असा छापलाय. ते मी सांगणार आहे, आणि क्रमानं सांगणार आहे. पण त्याआधी मला वायरीबद्दल बोलू द्या.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही लोक पिशवीत काही ना काही घालून घरी येतात. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, वकील मंडळींचं डिजिटल सहीचं टोकन. आणि दारातच सांगतात, ‘सर, ड्रायव्हर गेलाय.’ ड्रायव्हर म्हणजे ते उपकरण कसं वापरायचं हे संगणकाला सांगणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर गेलेला असतो, नाही असं नाही, पण माझ्या अनुभवात फार कमी वेळा. घोटाळा वायरीत असतो, पोर्टात म्हणजे वायर खोचायच्या भोकात असतो, एका पोर्टाची अनेक करणाऱ्या मधल्या हबमध्ये असतो. तिथे कोणी बघत नाही, कारण दिवा लागलेला असतो.

हा दिवाच माणसाला फसवतो. साधी यूएसबी केबल कापून बघा, आत चार तारा मिळतील. लाल आणि काळी विजेसाठी, पाच व्होल्ट. हिरवी आणि पांढरी बोलण्यासाठी. दिवा लागतो तो लाल-काळीवर. हिरवी तुटली, पांढरी तुटली, दोन्ही तुटल्या तरी दिवा लागणारच. दिवा लागला याचा अर्थ वीज पोहोचली, एवढाच. संगणकाशी बोलणं सुरू झालं की नाही, हे त्या दिव्याला ठाऊक नसतं.

याचा त्रास कुणाला होतो ते सांगतो. इथे पेन्शनर मंडळी बरीच बसली आहेत. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि अंगठा लावून दाखला देता यायला लागला. सोय चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. तर आमच्या ओळखीच्या एक आजी, यजमान प्राथमिक शिक्षक होते, ते गेले, आता कुटुंब निवृत्तिवेतन यांच्या नावावर. त्या एका ऑनलाइन सेवा केंद्रावर गेल्या. तिथल्या मुलानं अंगठा ठेवायला सांगितला. काही होईना. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. शेवटी मुलगा म्हणाला, ‘आजी, तुमचे ठसेच झिजलेत. हाताला तेल लावून परत या.’

आजी घरी आल्या. रात्री खोबरेल लावून झोपल्या, भांडी सुनेला घासायला सांगितली, दुसऱ्या दिवशी परत गेल्या. पुन्हा तेच. आणि त्यांना ते पटलं होतं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. आयुष्यभर राखेनं भांडी घासली, शेतात खुरपलं, म्हणजे ठसे जाणारच, असं त्या मला समजावून सांगत होत्या. खरंही आहे, कष्टाच्या हातांचे ठसे झिजतात. म्हणून तर ते कारण कुणालाही पटतं आणि पुढे कोणी तपासत नाही.

मी त्यांच्याबरोबर गेलो. मुलगा सालस होता, त्यानं मला आत बसू दिलं. पडद्यावर काय आलंय ते वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की उपकरण जोडलेलं नाही. ठसा अस्पष्ट आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं! मशीननं आजींचं बोट पाहिलंच नव्हतं. पण मशीनवरचा छोटा दिवा लागलेला, म्हणून ‘मशीन चालू आहे’ असं त्या मुलानं धरलं होतं. मशीन खिडकीपर्यंत पोहोचावं म्हणून त्याला एक लांब एक्स्टेन्शन केबल लावली होती, ती टेबलाच्या पायाखालून गेलेली. मी ती काढली, मशीनची स्वतःची वायर थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावली. टिंग-टाँग असा आवाज आला. आजींचा अंगठा पहिल्या खेपेला उमटला.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला संगणक दिला, मशीन दिलं, दरपत्रक भिंतीवर लावायला सांगितलं. मशीन दिसत नसेल तर आधी कुठे हात घालायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. राग आहे तो यावर, की बिघाड न तपासताच माणसाच्या बोटांवर ठपका ठेवला गेला आणि त्या माणसानं तो मान खाली घालून घेतला. आपल्या तालुक्यातल्या केंद्रांवर पीएम-किसानची ई-केवायसी याच अंगठ्यावर होते. किती शेतकरी एसटीचं भाडं भरून येऊन असे परत गेले असतील, याचा मी विचार करतो तेव्हा मला झोप लागत नाही.

एक्स्टेन्शन केबलबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवा. यूएसबी २.० च्या नियमावलीत तिला परवानगीच नाही. केबलची लांबी पाच मीटरपर्यंत, आणि तीही सलग. बाजारात मात्र ती सर्रास मिळते.

आणि आता माझं खरं दुखणं. हात वर करा, घरातल्या खणात कुणाकडे नुसती चार्जिंगची केबल आहे? बघा, कुणालाच माहीत नाही! (हशा) कारण ती नुसती बघून ओळखायचा मार्ग नाही. अशा केबलमध्ये फक्त लाल आणि काळी तार असते, बोलायच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबल हुबेहूब सारख्या. बॅटरीवरच्या दिव्याबरोबर येते, ट्रिमरबरोबर येते, ब्लूटूथ स्पीकरबरोबर येते, मग फिरत फिरत प्रिंटरच्या नाहीतर मोबाइलच्या वाट्याला जाते. बल्बवर वॅट लिहितात, वायरच्या गुंडाळीवर जाडी लिहितात, औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात. मग केबलवर ‘डेटा’ किंवा ‘फक्त चार्जिंग’ एवढं छापायला काय हरकत आहे? ही मागणी मी भेटेल त्याच्याकडे करतो, आज तुमच्याकडे करतोय. दुकानात केबल घेताना विचारा, आणि घरातली केबल तपासून तिला सरळ कागदी चिकटपट्टी लावा.

थोडं इतिहासात जातो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, थोडक्यात सांगतो. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीतली. त्याआधी माउसला एक भोक, कीबोर्डला दुसरं, प्रिंटरला ते पंचवीस पिनांचं रुंद, मॉडेमला आणखी वेगळं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि एक पोर्ट ठरलं. इंटेलमध्ये यात ज्यांचा मोठा वाटा, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आमच्या प्रशिक्षणार्थींना मी हे दरवर्षी सांगायचो, मुलं ताठ बसायची. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना भर व्यासपीठावर स्कॅनर यूएसबीला जोडला आणि पडदा निळा झाला, म्हणजे संगणकच कोसळला. शेजारी बिल गेट्स उभे! ते म्हणाले, अजून आम्ही हे बाजारात का आणलं नाही, त्याचं कारण बहुधा हेच. आजींच्या त्या केंद्रावर कोणी एवढ्या मोकळेपणानं बिघाड कबूल केला असता तर त्यांचा हेलपाटा वाचला असता.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. मग आता मूळ विषय भराभर घेतो, वही असेल तर काढा.

शिक्षक मंडळी आहेत म्हणून असं सांगतो: शाळेत नवीन मूल आलं की आधी दारात दिसतं, मग नाव विचारतात, मग रजिस्टरला क्रमांक पडतो, मग वर्ग मिळतो. संगणक हेच करतो. उपकरण खोचलं की त्यातला दीड किलोओहमचा रेझिस्टर हिरव्या तारेचा व्होल्टेज वर ओढतो, माउस-कीबोर्डसारख्या संथ उपकरणांत पांढरीचा. संगणकाला कळतं, कोणीतरी आलं. तो रीसेट देतो आणि माहिती मागतो. उपकरण अठरा बाइटची माहिती देतं, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात, त्यात कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो. मग १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. ड्रायव्हर लागतो तो यानंतर. म्हणून काय शोधायचं, तर गाडी कुठवर आली आणि कुठे अडली.

काहीच होत नाही, आवाज नाही, संदेश नाही: संगणकाला कोणी आल्याचंच कळलेलं नाही. इथे ड्रायव्हर टाकून काही उपयोग नाही. हब काढा, एक्स्टेन्शन काढा, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं घ्या, कारण मागचं थेट बोर्डावर असतं आणि पुढच्याला आतून आणखी एक वायर जाते. त्याच पोर्टात चालता माउस लावून बघा, म्हणजे पोर्टाची परीक्षा झाली. तेच उपकरण दुसऱ्या संगणकाला लावा, म्हणजे उपकरणाची झाली. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर बिघाड कुठे होता हे कळत नाही आणि तो पुन्हा येतो.

आवाज आला, पण ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ आलं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ दिसला: कोणीतरी आलं हे कळलं, नाव विचारलं, उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं. एक तार तुटकी, पिनेवर गंज, नाहीतर वीज अपुरी. पुन्हा केबल बदला. संगणक ‘रीस्टार्ट’ करा. नुसतं ‘शट डाउन’ करू नका, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननं सगळं पुसलं जात नाही. तरी नाही झालं तर बंद करून वीजेची पिन काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. पोर्टेबल हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर विजेचा संशय घ्या: यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. निळ्या पोर्टात लावून बघा, ते बहुधा ३.० चं असतं. डिस्क महत्त्वाची असेल आणि दुसऱ्या पोर्टातही टकटक राहिली, तर तिला पुन्हापुन्हा लावत बसू नका.

नाव दिसतं, पण पिवळा त्रिकोण आहे: आता ड्रायव्हरचा विचार करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर नकोत. जुनी नोंद बिघडली असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा. अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हरखेरीज आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ठसा घेणारं सॉफ्टवेअर, चालू लागते, सहीच्या टोकनला त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. थोडा वेळ चालून गायब होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये वीज वाचवायला यूएसबीला झोपवणारं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

मोबाइल चार्ज होतो, फोटो दिसत नाहीत: केबल डेटाची आहे याची खात्री करा, मग मोबाइलचं कुलूप उघडून वरच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. अँड्रॉइड सुरुवातीला बहुधा फक्त चार्जिंगवर असतो.

आणि शेवटचं, अध्यक्ष उभे राहिलेत, पण हे सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. पेन ड्राइव्ह लावला, आवाज आला, डिव्हाइस मॅनेजर ठीक म्हणतो, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे दिसत असेल आणि फक्त ड्राइव्हचं अक्षर (E:, F: असं) मिळालं नसेल, तर अक्षर द्या, काम झालं. पण तिथे ‘रॉ’ लिहिलेलं असेल, म्हणजे विंडोजला आतली मांडणी वाचता येत नसेल, किंवा संगणक म्हणाला की वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, शाळेचे निकाल त्या क्षणी बहुतेक वेळा आतच असतात, फक्त त्यांची यादी बिघडलेली असते. नवीन फाइल टाकू नका, दुरुस्तीची कमांडही चालवू नका, ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. आधी आतला मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचा, फॉरमॅट त्यानंतर. ज्यांनी आज पेन ड्राइव्ह आणले आहेत त्यांनी मागच्या टेबलाशी थांबा, आणि सोबत केबल असतील तर त्याही आणा.