फ्लॅश बोलत का थांबतो?

मंडळी, कॉमिक्समधल्या नायकाला ताकद दिली की लेखक त्याच्या डोक्याचं काय करतो, ते पाहू. सुरुवात फ्लॅश या अमेरिकन नायकापासून करतो. बॅरी ॲलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेतला माणूस. १९५६ साली वीज पडते, अंगावर रसायनं सांडतात आणि तो वाऱ्यासारखा पळू लागतो. पुढच्याच वर्षी त्याच्यासमोर कॅप्टन कोल्ड येतो. चोरटाच, पण हातात समोरच्याला गोठवणारी बंदूक.

आता तुम्हीच सांगा. चोराचं बोट चापावर पोचेपर्यंत या गड्यानं बंदूक हिसकावून, चोराला दोरीनं आवळून, वर घरी जाऊन चहा घेऊन यायला हवं. पण अशा कितीतरी अंकांत फ्लॅश थांबतो, चोराला दोन शब्द सुनावतो आणि तेवढ्यात गोठतो! तसं केलं नाही तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपेल. म्हणजे लेखकानं पाय दिले आणि अडचण आली की डोकं काढून घेतलं. दहा वर्षांचं पोरगंही वाचताना ओरडतं, ‘अरे, पळ ना!’ नायकाला ते सुचत नाही आणि पोराला सुचतं, तिथे माझ्या मते गोष्ट मेली.

सीगल आणि शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८ चा, त्याचा शत्रू लूथर १९४० चा. ताकद एकाकडे, मेंदू दुसऱ्याकडे. वाटणी चोख होती. पुढे सुपरमॅनलाच अफाट बुद्धीही बहाल केली. ज्याच्याकडे सगळंच आहे त्याला अडवणार कशानं? मग त्याची ताकद हिरावणाऱ्या त्या हिरव्या क्रिप्टोनाइटचा खडा अधूनमधून वाटेत टाकावाच लागतो.

आपल्याकडे व्यंगचित्रकार प्राण यांनी ही वाटणी उलटी केली आणि दोघांना एका घरात नांदवलं. बुद्धी पागोटं घातलेल्या म्हाताऱ्या चाचा चौधरींची, ताकद गुरू ग्रहावरून आलेल्या साबूची. चाचांचं डोकं कंप्युटरपेक्षा जलद चालतं, हे वाक्य माझ्या पिढीला पाढ्यांसारखं पाठ आहे. साबूला कुणी मठ्ठ म्हणत नाही, कारण विचार करायचं काम त्याच्याकडे दिलेलंच नाही.

पण अवघड आणि खरी गंमत आहे ती स्पायडरमॅनमध्ये. पीटर पार्कर १९६२ चा, शाळकरी वयाचा. भिंतीवर चढायची ताकद कोळ्याच्या चाव्यातून आली, पण जाळं फेकायचं यंत्र आणि त्यातला चिकट द्रव त्यानं स्वतः, घरी बसून बनवला. पोरगा हुशार आहे, यात वादच नाही. आता ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा जून १९७३ चा १२१ वा अंक उघडा. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो. पीटर वरून जाळं सोडतो, ते बरोबर तिच्या पायाला चिकटतं. झेललं! तो तिला वर ओढत स्वतःवरच खूश होऊन बोलत असतो. वर आल्यावर कळतं, ती गेलेली आहे. वेगानं पडणारं शरीर एका झटक्यात थांबवलं की मानेचं काय होतं, हे गणित त्याला वहीत सहज सुटलं असतं. वही उघडायला वेळ नव्हता.

इथे लेखकानं त्याचं डोकं काढून घेतलेलं नाही. त्या घाईत तुम्ही-मी असतो तर आपणही तेच जाळं फेकलं असतं.

त्या पानावर ग्वेनच्या मानेजवळ ‘स्नॅप’ असा एक शब्द आहे, बारीक अक्षरात. पहिल्या वाचनात तो माझ्या नजरेतून सुटला होता. पीटरच्याही.