पत्रा फोडू नका, आधी ओला करा

श्रोतेहो, नमस्कार.

3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धनच्या बाजूला काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. वाटा मोकळ्या झाल्यावर मी मामांकडे गेले. पडवीवरचे सिमेंटचे पत्रे सगळे अंगणात, चुरा होऊन पडलेले. आणि मामा हातोडा घेऊन त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतायत! कशाला? तर बेड्यापासून, म्हणजे कुंपणाच्या दारापासून, पायरीपर्यंत चिखल झालाय, त्यात भर घालायला. मिशीवर राखाडी पूड. शेजारी धाकटी नात तुकडे गोळा करून देतेय.

मी ओरडलेच, "मामा, थांबा!"

"अगं, सिमेंटच ते," मामा म्हणाले.

नुसतं सिमेंट नाही हो. जुन्या पत्र्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. पत्रा धड आहे तोवर ते जखडलेले राहतात. फोडला, ग्राइंडरनं कापला, की सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालानं अडत नाहीत, फुफ्फुसात रुतून बसतात. कर्करोग उमटायला वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षं ठेवा. पण अंगणात पत्रा फोडणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? आपल्याकडच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, तरी कच्चा माल रशियातून येतो आणि पत्रे विकले जातातच. हे थांबायला हवं.

माझं मत विचाराल, तर मातीच्या नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची सर कशालाच नाही. माकडं नाचतात, दरवर्षी नळे परतावे लागतात, कबूल. पण मे महिन्याच्या दुपारी त्याखाली झोप लागते! परतणारे गडीच आता मिळत नाहीत, हे दुखणं वेगळं.

तर, पत्रा फोडू नका. उचलायचाच असेल तर आधी ओला करा. पाणी मारा, मग अख्खा उचला. पडलेली पूड केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा. पोरांना लांब ठेवा. पुन्हा सांगते, फोडू नका, ओला करा.

त्या दिवशी आम्ही विहिरीचं पाणी मारून सगळे तुकडे उचलले आणि जाड प्लास्टिकमध्ये बांधले. वाटेवर मामांनी जांभ्याच्या कपच्या टाकल्या. ती गाठोडी कुठे न्यायची, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून आलो. अजून ती मागीलदारीच आहेत, माडाच्या बुंध्याशी.