फुकट कॉल आणि जिवंत सिम

नमस्कार श्रोतेहो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला स्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे. १९९४ साली तिथे एसटीडी-पीसीओची, म्हणजे पैसे मोजून लांबचा फोन लावायच्या बूथची, पिवळी पाटी होती. आता रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्ती चालते. जागा तीच आणि लाकडी काउंटरही तोच. तीस वर्षं मी या काउंटरमागे बसून खानदेशातली माणसं लांब गेलेल्या आपल्या माणसांशी कशी बोलतात ते पाहत आलोय. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या बोलण्याच्या खर्चाबद्दल. इंटरनेटवरून होणारा फुकट कॉल पुढे फुकट राहील का, हा प्रश्न मला दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतं.

आधी त्या बूथचं सांगतो, कारण आजच्या पोरांना ते खोटं वाटतं. काचेचा खोका, आत एक फोन आणि डोळ्यांसमोर लाल आकड्यांचं मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून साडेदहापासूनच बाकावर माणसं येऊन बसायची. आपल्याकडची किती पोरं सुरतेला, उधन्याला, लिंबायतला लूमवर गेलेली! त्यांच्याकडे फोन कुठला? कारखान्याचा नाहीतर शेजाऱ्याचा पीपी नंबर असायचा. पहिला कॉल लावायचा, “जरा बोलावून ठेवा” म्हणायचं, ठेवायचा आणि दहा मिनिटांनी परत लावायचा. म्हणजे बोलण्याआधीच एका कॉलचे पैसे गेलेले. आई आत उभी राहायची. “पानी पडना का तठे?” एवढं विचारेपर्यंत मीटर पुढे पळायचं. आकडा बदलला की तिचा आवाज घाईचा व्हायचा. मनातलं खरं बोलणं ओठांवर यायचं ते पदरातले पैसे संपताना, आणि तिथेच राहून जायचं. मी बिल फाडून द्यायचो आणि मलाच वाईट वाटायचं.

देशातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. २००६ मध्ये रुपयात देशभर कुठेही एक मिनिट बोलता येऊ लागलं, तेव्हा माझ्या बूथचा धंदा बसायला लागला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि बोलण्याचा वेगळा दर लावणंच संपलं. त्याच्या आदल्या वर्षी व्हॉट्सॲपवर आवाजाचा कॉल आला होता. २०१६ च्या नोव्हेंबरात व्हिडिओ कॉल आला. श्रावणात गावी कानबाई बसली की सुरतेत अडकलेला भाऊ फोनवर दर्शन घेतो, हे दृश्य आता घरोघरी आहे. अमेरिका असो नाहीतर दुबई, लावणाऱ्याला अंतराचा हिशेब करावा लागत नाही.

हे होतं कसं? बूथच्या जमान्यात शहादा ते सुरत एक आख्खी वाट फक्त तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. तुम्ही गप्प बसलात तरी वाट अडलेली, म्हणून मीटर चालू. इंटरनेटच्या कॉलमध्ये तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, साधारण सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पाकीट. आत जेमतेम साठ बाइट आवाज आणि वर चाळीस बाइट पत्ता. मालाच्या दोन तृतीयांश तर वेष्टणच! ही पाकिटं सगळ्यांच्या वाटेनं, सगळ्यांच्या सामानाबरोबर जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. हिशेब केला तर दोन्ही बाजूंचं मिळून मिनिटाला अर्धा-पाऊण एमबी होतं. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. मात्र पाकीट पोचायला उशीर झाला तर ते टाकून द्यावं लागतं, म्हणून शब्द तुटतो. आवाज एकीकडून दुसरीकडे जायला सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाहून जास्त वेळ लागला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. “तू बोल, नाही तू बोल” होतं ना, ते त्यामुळे. आणि आणखी एक, फोर-जीवरचा साधा कॉलसुद्धा आता असाच पाकिटांतून जातो. साधा कॉल आणि इंटरनेटचा कॉल हा भेद तारेत उरलेलाच नाही, उरलाय तो बिलात.

मोबाइल कंपन्यांना हे खुपतं. २०१४ च्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीने इंटरनेट कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं. लोक एवढे संतापले की माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांची मतं मागवली तेव्हा दहा लाखांच्या वर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम झाला की डेटा कशासाठी वापरला हे बघून वेगळा दर लावायचा नाही. तरी ॲपवाल्यांनी आमच्या जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, ही कंपन्यांची मागणी अधूनमधून डोकं वर काढतेच. टॉवर उभारायला पैसा लागतो हे खरं आहे. पण त्या डेटाचे पैसे गिऱ्हाइकाने आधीच मोजलेले असतात. एकदा घेतलेल्या पाण्यावर आंघोळीचा दर वेगळा आणि स्वयंपाकाचा वेगळा लावता येत नाही. मला ही मागणी मान्य नाही, आणि ती पुन्हा आली तर आपणही पुन्हा पत्रं लिहिली पाहिजेत.

पण मला काळजी वेगळीच आहे. माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहांतल्या दोघा-तिघांचं सिम मेलेलं असतं. रिचार्ज संपून महिने झालेले असतात. तरी त्यांचं व्हॉट्सॲप चालतं, शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर किंवा मुलाच्या वायफायवर. गरिबाचा खरा फुकट कॉल हाच. त्यात धोका असा की बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या ॲपना आदेश दिला की ज्या सिमवर खातं उघडलंय, ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चाललं पाहिजे. कारण योग्यच आहे. परदेशात बसून भारतीय नंबरावरून पोलिस असल्याचं भासवणारे, “डिजिटल अटक” म्हणून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे याच वाटेनं येतात. तुम्हाला असा कॉल आला तर बोलत बसू नका. बंद करा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन लावा.

अंमलबजावणी कशीही होवो, दिशा मला स्पष्ट दिसते. पुढे इंटरनेट कॉलचा दर म्हणजे सिम जिवंत ठेवण्याचा दर. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले. तेव्हा लोक माझ्यावरच चिडले, जणू मीच वाढवले! घरात चार फोन, चार सिम, आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा. शेतमजुराच्या घरात हा खर्च तेल-मिठाच्या यादीत आलाय. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, बिनडेटाचे पॅकही द्या. मी पूर्वी आपणहून त्याबद्दल कुणाला सांगायचो नाही, आता सांगतो. साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजोबांना डेटाचा पॅक मारू नका. दुकानदाराला विचारा, “बिनडेटाचा आहे का?”

आता वर सातपुड्यात चला. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं मागे राहतात. फोन घरात असतो, पण रेंज टेकडीवर. एक आजी दर बाजाराला माझ्याकडे येते. पाड्यावर रेंज नाही म्हणून मुलाचा कॉल इथे घेते. ती यायची वेळ मुलाला ठाऊक आहे. ती बाकावर बसते, फोन मांडीवर पालथा ठेवते आणि वाट बघते. माझ्या जुन्या बूथचाच बाक आहे तो. तिच्यासाठी काळ पुढे सरकलाच नाही, हे मला सहन होत नाही.

टॉवर न पोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी न्यायची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, २६,३१६ कोटी रुपयांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहाच्या इंटरनेटसाठी स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, वाशिम, धाराशिवबरोबर आपल्या नंदुरबारचंही नाव आहे. आकाशातून येणाऱ्या इंटरनेटला दरी-डोंगर आडवा येत नाही. पण ते पकडणारी छत्री, म्हणजे डिश, एका घराला परवडणारी नाही. ती आश्रमशाळेवर, आरोग्य केंद्रावर, ग्रामपंचायतीवर लागायला हवी, आणि तिथलं वायफाय पाड्याला संध्याकाळी खुलं हवं. नुसती कार्यालयाची कामं झाली आणि कुलूप लागलं, तर आजीचा बाक काही सुटणार नाही. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. ओळखीचा क्रमांक आधी आपल्याकडे आला, तशी आवाजाची सोयही आधी इकडे यावी, असं मला मनापासून वाटतं. ग्रामसभेत हा विषय काढा. ठराव करून मागा.

सपाटीवरच्या मंडळींसाठी एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती फारच कमी जणांना माहीत आहे. आपली जुनी धाब्याची घरं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात आत गारवा, पण मधल्या खोलीत गेलं की रेंज गुल. म्हणून पंचेचाळीसच्या उन्हात माणसं ओट्यावर येऊन बोलतात. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये “वायफाय कॉलिंग” शोधा आणि चालू करा. मग टॉवर नसला तरी साधा कॉल वायफायवरून जातो. ॲप लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत आणि पलीकडच्याकडे बटणाचा फोन असला तरी चालतो. प्रकाशा गावच्या एका काकांना मी मागच्या आठवड्यात हे करून दिलं. त्यांनी तिथूनच, मधल्या खोलीतून, पुण्याच्या लेकीला फोन लावला आणि अर्धा तास बोलले. मग वीज गेली, राउटर बंद पडला, आणि उरलेलं बोलायला ते नेहमीसारखे धाब्यावर चढले.