बंड्याला डोहाळे

(दृश्य : मोबाइलवरचं उभं चित्रीकरण, हॉलमधला दिवाण)

हा व्हिडिओ घरातल्या वहिनींनी काढलेला. सकाळची वेळ, पुण्यात कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सशाच्या तोंडात वाळलं गवत आहे, आडवं धरलेलं, दोन्हीकडून मिशांसारखं बाहेर आलेलं. ते घेऊन ससा दिवाणाखाली जातो, रिकाम्या तोंडाने बाहेर येतो, परत गवत उचलतो. आता नीट बघा. मान खाली घालून तो स्वतःच्याच छातीवरचे केस दातांनी उपटतोय. एक पुंजका. अजून एक. तेही दिवाणाखाली.

सशाचं नाव बंड्या. वय साडेपाच वर्षं. मागून आवाज येतो तो आजींचा : "नराला डोहाळे लागले की काय गं?"

बंड्या नर नव्हताच. महिन्याभराचं पिल्लू घेतलं तेव्हा दुकानदाराने न बघताच "नर आहे" म्हणून ठोकून दिलं होतं. एवढ्याशा पिल्लात नर-मादी ओळखणं जाणकारालाही चकवतं, हे खरं. पण मग "माहीत नाही" म्हणावं की. पुढे गळ्याखाली मऊ कातडीची घडी लोंबायला लागली, ती मादीची खूण. घरच्यांना वाटलं, खाऊन खाऊन सुटलाय.

(दृश्य : दिवाण सरकवल्यावर दिसणारं घरटं)

हे घरटं. बाहेरून गवत, आत पोटाचे केस, मध्ये वाटीएवढा खळगा. पिल्लं येणार नव्हती. घरात दुसरा ससाच नाही. याला खोटं गाभण म्हणतात. सशाच्या मादीत बीज आपोआप सुटत नाही. नराशी संग झाला की साधारण दहा तासांनी सुटतं. पण कधी कधी पाठीवरून सतत फिरणारा हातसुद्धा शरीराला पुरेसा होतो. बीज सुटलं की अंडाशय गरोदरपणाचे हार्मोन सोडतं आणि मादी कामाला लागते. खरं गाभण महिनाभराचं, खोटं सोळा ते अठरा दिवसांत उतरतं. बंड्याचंही उतरलं. सगळे हसले, घरटं पिशवीत भरून ठेवलं.

(दृश्य : पिंजऱ्यातला वर्तमानपत्राचा कागद)

हा कागद त्यानंतर दोन महिन्यांचा. रविवारची पुरवणी. लालसर डाग दिसतो तो लघवीचा. आता गोंधळ असा, की सशाची लघवी निरोगीपणीही पिवळी, नारिंगी, थेट विटकरी असू शकते. खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्यांचा तो खेळ. पहिल्या दवाखान्यात हेच सांगून घरी पाठवलं : गाजर बंद करा. पण डागाच्या कडेला बघा, गडद गुठळी आहे. रंगद्रव्याची गुठळी होत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पट्टी बुडवून लघवी तपासली. रक्त. पोटाला हात लावून बघितलं, मग सोनोग्राफी : गर्भाशयात गाठी. स्तनाग्रं निळसर, सुजलेली. केसपेपरवर त्यांनी लिहिलं ते कॅमेऱ्यात आलंय : "नाव – बंड्या. लिंग – मादी."

इथे थोडं मागे जाऊ. त्याचं चित्रण आमच्याकडे असायचं कारण नाही, म्हणून पडद्यावर बंड्याचे कान बघत राहा. 1938 साली प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत हॅरी ग्रीन आणि सहकाऱ्याने तिथल्या सशांमधल्या गर्भाशयाच्या गाठींवर शोधनिबंध छापला. त्यानंतर पशुवैद्यकाच्या पुस्तकांत हे ठरून गेलंय : नसबंदी न झालेल्या मादी सशाला सर्वांत जास्त होणारा कर्करोग गर्भाशयाचा. काही जातींत चार वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त माद्यांना तो झालेला आढळलाय. पिल्लं झाली म्हणून सुटका नाही, वय वाढलं की धोका वाढतो. सहा महिन्यांची ते दोन वर्षांची असताना नसबंदी केली तर गर्भाशय उरतच नाही. ज्या दुकानात नर की मादी तेच बघत नाहीत, तिथे हे कोण सांगणार?

(दृश्य : ऑपरेशनची खोली)

ऑपरेशनच्या सकाळीही बंड्या कोथिंबीर खातेय. मांजराला, कुत्र्याला उपाशी ठेवतात. सशाला उलटी करताच येत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचालच थांबते. त्याआधी छातीचा एक्स-रे झाला, कारण ही गाठ पसरली तर फुप्फुसात जाते. एक्स-रे स्वच्छ होता.

पोटावरचे केस काढणाऱ्या मशीनचा वेग बघा. इतकं हळू, कारण सशाची कातडी पापुद्र्यासारखी फाटते. भूल दिल्यावर श्वासनळीत नळी घालायची तर तोंड चिंचोळं, घसा खोल, काही दिसत नाही. डॉक्टर नळीला कान लावून श्वासाच्या आवाजावर ती पुढे सरकवतायत. तिसऱ्या प्रयत्नात गेली.

आता पोट उघडलंय. सशाच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात आणि दोघांना वेगवेगळी तोंडं. निरोगी असतं तर हे बुटाच्या नाडीसारखं दिसलं असतं. इथे भुईमुगाच्या शेंगांची माळ दिसतेय. प्रत्येक फुगवटा म्हणजे एक गाठ. भोवती पिवळी चरबी, रक्तवाहिन्या त्यात बुडालेल्या. एक एक शोधून बांधावी लागते. अंडाशयांसकट सगळं ट्रेमध्ये आलं तेव्हा घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती. टाके कातडीच्या आतून घातले, म्हणजे दातांना सापडू नयेत. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं असतं तर तिला स्वतःच्या मऊ लेंड्या खाता आल्या नसत्या, आणि सशाला त्या खाव्याच लागतात.

(दृश्य : पुन्हा मोबाइल, रात्रीचा अंधुक उजेड)

पहाटे चार. वहिनी सिरिंजने पातळ खाणं भरवतायत. आजी चष्मा लावून टॉवेलकडे बघत बसल्यात. ऑपरेशननंतर सशाच्या घरी सगळे एकाच गोष्टीची वाट बघतात. "पडली! पडली गं लेंडी!" हा आवाज आजींचाच.

तपासणीचा अहवाल कर्करोगाचाच आला. स्तनांची सूज मात्र महिन्याभरात ओसरली, अंडाशयं गेल्यामुळे. ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात एक्स-रेमध्ये फुप्फुसावर ठिपके दिसले. जूनमध्ये बंड्या गेली.

(दृश्य : गच्ची, ऊन)

हे त्याच्या आधीचं, फेब्रुवारीतलं. पोटावर केस परत आलेत, आधीपेक्षा थोडे गडद. कोथिंबिरीची काडी देठाकडून आत जातेय. पानं शेवटी.